दोष केवळ वयाचा नव्हे

‘सत्तरीनंतर स्नायू झडतातच, तेव्हा व्यायामाचा उपयोग नाही’ हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. वयाचा वाटा आहेच. परंतु निजून राहण्याचा वाटा किती मोठा असतो, हे त्या मतात येत नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी व्यक्तींना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले असता, त्यांच्या पायांतून चरबी सोडून जवळपास १ किलो वजन घटले, म्हणजे मुख्यतः स्नायूच गेले.

माझ्या आईचे खुब्याचे हाड शस्त्रक्रियेनंतर व्यवस्थित जुळले, पण मांडी इतकी बारीक झाली होती की हातांचा आधार घेतल्याशिवाय तिला खुर्चीतून उठता येत नसे, आणि आम्ही मात्र काळजीपोटी तिला ‘पडून राहा’ असेच सांगत होतो. १९९० मध्ये बोस्टन येथील वृद्धालयातल्या नव्वदीच्या आसपासच्या रहिवाशांनी ८ आठवडे वजने उचलली, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. आईच्या फिजिओथेरपिस्टबाईंनीही घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून गुडघा सरळ करण्यापासूनच सुरुवात केली आणि वजन दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत नेले.