पाचवी ते आठवीच्या पालकांसाठी शाळेचं मासिक पत्रक: कागदावर की व्हॉट्सॲपवर?

सिडकोची_पालक (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या सिडकोतल्या एका अनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाची सहसचिव आहे. पाचवी ते आठवीच्या आठ तुकड्या, साधारण ३४० मुलं. प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण सुप्रभातचे फोटो, वाढदिवस आणि ‘आज गृहपाठ काय दिलाय?’ यांच्या गर्दीत परीक्षेचं वेळापत्रकसुद्धा सापडत नाही. चौथीपर्यंत पालक रोज फाटकाशी भेटतात, बाईंशी दोन शब्द होतात. पाचवीनंतर मुलं सायकलने, रिक्षाने येऊ लागतात आणि तो संपर्क तुटतो. सभेला बहुतेक आयाच येतात, त्याही ठरावीक. बरेच वडील अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये. काही घरांत अहिराणी बोलतात, काही घरांत हिंदी.

मुख्याध्यापकांनी दरमहा पत्रक काढायला होकार दिला आहे. ते कागदावर काढावं की फोनवर? त्यात काय घ्यावं, काय टाळावं? मजकूर कोणी लिहायचा? आणि सभेची वेळ कशी ठरवायची?

उच्च_प्राथमिक_शिक्षक

ताई, दोन्हीकडे काढा, पण मूळ प्रत कागदाची ठेवा. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कंपनीत जातो. कागद फ्रिजवर किंवा कपाटाच्या दारावर महिनाभर राहतो.

ए-फोर आकाराचा एकच कागद, पाठपोट छापलेला. चार पानांचा बेत करू नका, तिसऱ्या महिन्यात मजकूर जमत नाही आणि पत्रक बंद पडतं. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग फक्त ‘या महिन्यात घरून काय करायचं’ यासाठी. प्रत्येक ओळीत इयत्ता, वार, तारीख, वेळ आणि मुलाने काय आणायचं, एवढं हवंच. ‘पालकांनी सहकार्य करावे’ या वाक्यातून पालकाला काहीच कळत नाही. ‘सहावी अ व ब: शनिवारी सकाळी ७.३० ला विज्ञानाची तोंडी परीक्षा, प्रयोगवही पूर्ण करून आणणे’ असं लिहिलं की आई रात्री वही काढून बघते. खालच्या अर्ध्या भागात महिन्याचं कॅलेंडर. मागच्या पानावर मुलांचं काम, त्या महिन्यात गणितात किंवा भाषेत काय शिकवणार याच्या प्रत्येक इयत्तेच्या दोन ओळी, आणि तळाशी फाडून परत द्यायची पोच: मुलाचं नाव, तुकडी, सही आणि ‘मला शाळेला विचारायचं आहे’ यापुढे तीन कोऱ्या ओळी. या तीन ओळींसाठी बाकी सगळा खटाटोप आहे, त्या जागेअभावी कापू नका.

कामाची वाटणी तारखांनिशी ठरवा. २२ तारखेपर्यंत वर्गशिक्षकांच्या दोन-दोन ओळी, २४ ला एका माणसाने जुळवणी, २६ ला मुख्याध्यापकांची सही, २८ ला छपाई, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शालेय दिवशी वाटप. पत्रक बहुतेक सहीपाशी अडकतं. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले तर सही कोण करणार, हे जूनमध्येच लेखी ठरवून घ्या.

वाटप घरटी एक प्रत. दोन भावंडं असतील तर लहान्याच्या हाती द्या, मोठ्याच्या दप्तरात कागद जास्त दिवस दडून राहतात.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडे जुन्या श्रीलिपीत केलेला मजकूर फोनवर पेस्ट केला की अगम्य अक्षरं उमटतात आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, १४ पॉइंट. झेरॉक्समध्ये फोटोंचे काळे डाग होतात, त्याऐवजी मुलांनी काळ्या पेनने काढलेली रेखाचित्रं घ्या.

दोन गोष्टी दरवर्षी छापाव्यात. पहिली: आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही असं अजून पुष्कळ पालक धरून चालतात. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा असते, तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. हे जूनच्या पत्रकात यायला हवं, मार्चमध्ये सांगून काही हाती लागत नाही.

दुसरी: एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. परीक्षा आठवीत, लाभ नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण तिला सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. म्हणून ही माहिती सातवीच्या पालकांना सातवीतच द्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतूमधून काढायला वेळ लागतो आणि फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ होते, तेव्हा त्याची आठवण दोन महिने आधीच्या अंकात छापा.

ग्रुप_ॲडमिन_नाशिकरोड

फोनच्या बाजूचं सांगतो.

ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) विसंबू नका. एका यादीत २५६ च क्रमांक बसतात, आणि ज्यांनी शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज जातच नाही. ‘आम्हाला कळवलंच नाही’ ही तक्रार अनेकदा इथून येते आणि ती खरी असते. त्यापेक्षा व्हॉट्सॲप कम्युनिटी करा, म्हणजे सगळे ग्रुप एका छत्राखाली येतात. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतो आणि पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आयांना अनोळखी फोन येण्याचा त्रास त्यामुळे टळतो. तुकड्यांचे ग्रुप गप्पांसाठी राहू देत, पण तिथे नंबर दिसतात हे पालकांना आधी सांगा.

शिक्षकांचे खासगी नंबर यात ओढू नका. शाळेच्या नावाने एक सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. शाळा सुटल्यानंतर येणाऱ्या मेसेजला आपोआप उत्तर लावता येतं: ‘उत्तर उद्या दुपारी १ पर्यंत मिळेल, तातडीचं असेल तर कार्यालयात फोन करा.’ अशी वेळ लिहिलेली असली की पालक चार वेळा तेच विचारत नाहीत.

पत्रक पाठवताना पीडीएफ आणि चित्र दोन्ही पाठवा आणि वरच्या अर्ध्या पानाचा मजकूर साध्या मेसेजमध्ये पुन्हा टाका. चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही, फोन वाचूनही दाखवत नाही. तो मेसेज ३० दिवसांसाठी पिन करा. आठवड्याची सूचना रविवारी संध्याकाळी ६ ला, ठरलेल्या वेळी. पहिल्या शिफ्टचा माणूस पहाटे घराबाहेर पडतो, त्याला सकाळी ७ ला पाठवलेली आजची सूचना उपयोगाची नाही. ‘तातडीचे’ हा शब्द पावसामुळे सुट्टी, रिक्षा बंद, शाळा लवकर सुटणार, अशा वेळीच वापरा.

भाषेसाठी सगळं भाषांतर करत बसू नका. वरच्या अर्ध्या पानाचा एक-दीड मिनिटाचा आवाजी मेसेज करा, एक हिंदीत, एक अहिराणीत. वाचायची सवय नसलेल्या आजी-आजोबांपर्यंतही तो पोचतो. बोलणारा पालकांपैकीच असावा. तारखा दोनदा उच्चारायच्या, आणि ‘पुढच्या सोमवारी’ न म्हणता तारीख सांगायची.

निवृत्त_मुख्याध्यापक

सभेबद्दल.

एकच वेळ सगळ्यांना सोयीची निघत नाही, म्हणून एकच सभा दोनदा घ्या: शनिवारी शाळा सुटल्यावर आणि त्याच दिवशी संध्याकाळी ६ ला. मजकूर तोच, शिक्षक निम्मे-निम्मे वाटून घेतील. पोचपावतीवर दोन चौकोन छापा, पालक एकावर खूण करतील. शिफ्ट आठवड्याला बदलते, म्हणून तारीख किमान तीन आठवडे आधी कळली तर माणूस पाळी बदलून घेऊ शकतो. बुधवार टाळा, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात ज्यांची दुकानं लागतात ते पालक येऊ शकत नाहीत. श्रावणातला तिसरा सोमवारही टाळा, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी शहर रिकामं झालेलं असतं. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्यांचा (मुख्य स्नानाच्या दिवसांचा) विचार वार्षिक कॅलेंडर करतानाच करा. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, त्या दिवसांच्या आगेमागे सभा वा परीक्षा ठेवू नका.

सभा ४० मिनिटांची. पहिली दहा मिनिटं मागच्या सभेत पालकांनी काय मागितलं आणि त्याचं काय झालं यासाठी. हेच पत्रकातही छापा, तीन शब्दांत का होईना: झालं, चालू आहे, होणार नाही. ‘होणार नाही’ असेल तर कारणासह. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी दोन महिने तशीच राहिली आणि कोणी काही बोललंच नाही, तर पालक तिसऱ्या सभेला येत नाहीत.

गुण सर्वांसमक्ष वाचू नका. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांत जास्त भीती चारचौघांत मान खाली जाण्याची असते, आणि एकदा तसं झालं की पुढची चिठ्ठी घरी पोचत नाही. त्याऐवजी टोकन द्या आणि प्रत्येक घराला पाच मिनिटं, मुलगा किंवा मुलगी सोबत बसलेली. सुरुवात मुलाने करायची: एक काम जे जमलं ते वहीतून दाखवायचं, एक जे अडतंय ते सांगायचं. मग शिक्षक, मग पालक. मूल पोरकटपणा करेल अशी धास्ती वाटते, पण प्रश्न आदल्या दिवशी वर्गात लिहून घेतले तर मुलं नीट बोलतात.

आणखी एक. पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची गल्लत होऊ देऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतं आहे, तरी तिचा ठराव इतिवृत्तात जातो. पोचपावतीवर तीन-चार घरांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर ती संघाच्या सभेत घोळत न ठेवता समितीच्या विषयपत्रिकेवर न्या.

सिडकोची_पालक

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. पोचपावत्या परत आल्याच नाहीत तर? आणि मुलांचे फोटो, बक्षिसं, देणगीदारांची नावं याबद्दल कोणी काही बोललं नाही.

उच्च_प्राथमिक_शिक्षक

पावत्या वर्गप्रतिनिधीने गोळा करायच्या, तीन दिवसांची मुदत. चौथ्या दिवशी न आलेल्या घरांना संघातल्या पालकांनी फोन करायचा, शिक्षकांनी नव्हे. शिक्षकाचा फोन आला की घरात आधी ‘याने काय केलं?’ हाच प्रश्न उठतो. फोनवर विचारायचं एवढंच: कागद मिळाला का, आणि काही विचारायचंय का. त्याच घराची पावती सलग दोनदा आली नाही तर वर्गशिक्षकांनी मुलाकडे हळूच चौकशी करावी. घर बदललेलं असतं, आई गावी गेलेली असते, क्वचित त्याहून गंभीर काही असतं. पत्रकाच्या तळाशी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक अंकात ठेवा.

ग्रुप_ॲडमिन_नाशिकरोड

फोटोंसाठी जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबर वेगळा संमतीपत्राचा कागद घ्या, त्यात छापील पत्रक आणि समाजमाध्यमं असे दोन स्वतंत्र पर्याय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ज्यांनी नकार दिला त्यांची यादी फोटो काढणाऱ्याकडे हवी. नुसती कार्यालयाच्या फाइलमध्ये ठेवली तर ती पाळली जात नाही. फोटोत गणवेशावरचं नाव, रिक्षाचा नंबर, घराचा पत्ता दिसू नये. फोटोखालच्या ओळीत पूर्ण नाव न देता फक्त पहिलं नाव आणि इयत्ता पुरे.

गुणवत्ता यादी, फी थकलेल्यांची यादी, कोणाला शिष्यवृत्ती किंवा गणवेश मोफत मिळाला, यातलं काहीही छापू नका. देणगीदारांची नावं छापायची तर रक्कम न लिहिता. आई-वडील वेगळे राहत असतील तर वर्गशिक्षकांकडे विचारून दोघांना प्रत द्या, पण मुलाचा ताबा कोणाकडे आहे याचा कागद शाळेत असेल तर आधी तो पाहा.

निवृत्त_मुख्याध्यापक

ताई, मुलाखत, कोडं, वर्गाची बातमी हे मागचं पान सातवी-आठवीच्या चार-पाच मुलांकडे सोपवा, दर महिन्याला तुकडी बदलून. शुद्धलेखन तेवढं शिक्षकांनी तपासावं. स्वतःचं नाव छापलेला कागद मूल दप्तरात दडवत नाही, आणि तुमची पावती त्याच कागदाच्या तळाशी आहे. पहिला अंक जुलैत काढा, जूनमध्ये तुकड्या आणि फोन नंबर अजून बदलत असतात. पाचवी-आठवीच्या परीक्षेची सूचना मात्र जुलैपर्यंत थांबवू नका, ती जूनमध्येच साध्या चिठ्ठीने घरोघरी जाऊ द्या.