मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पीसीला बंद तोंडाचं ‘सायलेंट’ कॅबिनेट घ्यावं का? माझं मत: घेऊ नये

लातूरचा मास्तर

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, व्हिडिओ घरीच रेकॉर्ड करतो. रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हटलं की सीलिंग फॅन बंद, पाण्याचा कूलर बंद, खिडकी बंद. मग माइकला ऐकू येतो तो फक्त टेबलाखालच्या कॅबिनेटचा घुंऽऽ. त्यामुळे पीसी गप्प बसणं हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

दुकानात ‘सायलेंट’ म्हणून जे दाखवतात त्याला पुढे जाड दार असतं, आतून फोम चिकटवलेला, आणि हवा यायला कडेला बोटभर फट. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो त्या भागात हे म्हणजे भर उन्हात घोंगडी पांघरून बसणं. आत हवा मिळेना की पंखे जोरात फिरतात, आणि तो आवाज दाबायला पुन्हा फोम. पुढे जाळी घ्या, पंखे मोठे घ्या, १४० मिमीचे, आणि हळू फिरवा.

हिशोब बघा. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. एकाच्या जागी तसेच दोन लावले तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. म्हणजे हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनं कमी. फोमनं एवढा फरक पडलेला कुणी मोजला असेल तर सांगा.

परभणीचा कापूस

सर, फळ्यावर हिशोब छान दिसायला. पण निम्म्या वेगाला दाब चौथाईवर येतो, ते का गाळलं? जाळीवर धूळ बसली की तुमचा हळू पंखा नुसता गरगरतो, हवा आत येत नाही. आमच्याकडं जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतूच तंतू. उघड्या जाळीवर चार दिवसांत पांढरा थर चढतो. दार असलं की निदान समोरून थेट मारा होत नाही.

दुसरं, ग्राफिक कार्डवर लोड आला की त्यातली कॉइल (तारेचं वेटोळं) किणकिणते. ती पंखा हळू केल्यानं थांबत नाही. तिला दार आणि फोमच अडवतो. रेकॉर्डिंगवाल्या माणसानं हे आधी बघायला पाहिजे.

लातूरचा मास्तर

दाबाचा हिशोब चौथाईचाच आहे. म्हणूनच मी जाळी मोठी म्हणतो. तेवढीच हवा मोठ्या क्षेत्रफळातून आली की अडथळा कमी होतो. शिवाय पंखा फिल्टरला चिकटवू नका, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. तुमच्या दाराच्या कॅबिनेटमध्येही सगळी हवा त्या फटीतूनच येते ना? मग धूळही तिथूनच येणार, उलट हवा वेगानं घुसते म्हणून फटीचा सूंऽ वेगळा ऐकू येतो.

धुळीचं खरं उत्तर आत येणारी हवा जास्त आणि बाहेर जाणारी कमी ठेवण्यात आहे. पुढे १४० चे दोन, मागे १२० चा एक. मग फटीफटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत ओढली जात नाही. तपासायचं असेल तर पीसी चालू ठेवून मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर आत गेला तर तुमचं कॅबिनेट फिल्टर सोडून फटींतून श्वास घ्यायलंय.

संभाजीनगर ओव्हरक्लॉक

एवढी भांडणं कशाला? प्रोसेसर पाण्यानं थंड करणारा लिक्विड कूलर लावा, विषय संपला.

जालना रिपेअर

लिक्विडचं पाणीसुद्धा शेवटी खोलीच्या हवेनंच थंड होतं, भाऊ. खोली ४० ला असेल तर कॅबिनेटमधली हवा ४० च्या खाली येणार नाही, पंखे लावा नाही तर रेडिएटर. वर पंपाची घरघर आली.

मी रिपेअरिंग करतो, माझ्याकडं मेमध्ये येणारे निम्मे पीसी कॅबिनेटमुळे नाही, ठेवण्याच्या जागेमुळे तापलेले असतात. कॉम्प्युटर टेबलाचा तो कप्पा असतो ना, तीन बाजूंनी बंद, पाठ भिंतीला टेकलेली. मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा पुढच्या पंख्यात. तिथं जाळीचं कॅबिनेट ठेवा का फोमचं, सारखंच. मागे वीतभर जागा सोडा आणि जमिनीवरून उचलून स्टँडवर ठेवा. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा खालून हवा घेतो, फरशीवरचा सगळा कचरा तोच ओढतो.

आणि एक बघायला मिळतं ते म्हणजे लोक डेझर्ट कूलरच्या अगदी तोंडासमोर पीसी ठेवतात. बोअरचं पाणी क्षाराचं. वाफेबरोबर क्षार येत नाहीत, पण तुषार उडतात त्यांच्याबरोबर येतात. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या) पत्र्यांवर पांढरी पुटं धरतात, त्यात काळ्या मातीची धूळ चिकटली की ब्रशनंही निघत नाही. कूलरनं खोली थंड करा, पीसीवर फवारा नको.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. ते भन्नाट फिरलं की बेअरिंगची वाट लागते.

बीडची डिझायनर

मला आवाजाच्या पातळीपेक्षा त्याच्या चढ-उताराचा त्रास होतो. ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला की पंखे वर, दोन सेकंदांनी खाली. एकसारखा आवाज कान विसरतो, हा विसरता येत नाही. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात म्हणून हे होतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ते मदरबोर्डच्या सेन्सरला जोडा आणि वेग बदलायला उशीर ठेवा. हे करायला पैसे लागत नाहीत, ना जाळी ना फोम.

नांदेड गोदाकाठ

ताईंशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जातो. हवा कशी काढायची यावर एवढं बोलायलात, उष्णता कमी का करत नाही? १०५ वॉट टीडीपीचा (कंपनीनं ठरवलेला उष्णतेचा आकडा) रायझन प्रोसेसर इको मोडमध्ये, म्हणजे कमी विजेच्या सेटिंगवर, ६५ वर आणला की प्रोसेसरच्या सॉकेटची कमाल वीज १४२ वरून ८८ वॉटवर येते. ती ५४ वॉट उष्णता तयारच होत नाही, मग बाहेर काय काढायची?

शिवाय आकडे बघून घाबरू नका. डिसेंबरात खोली २० ला असताना ६० दाखवणारा प्रोसेसर, तोच लोड आणि तोच पंख्याचा वेग असेल तर मेमध्ये खोली ४० ला गेल्यावर ८० दाखवणारच. रायझन ७००० मालिकेतले एक्सवाले प्रोसेसर तर ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत. पंख्याची थंडीत लावलेली रेष (किती तापमानाला किती वेग, ते सेटिंग) उन्हाळ्यातही तशीच ठेवली की ८० ला ते विनाकारण बोंबलतात. उन्हाळ्याची रेष वेगळी ठेवा.

परभणीचा कापूस

मी रेंडरिंग करतो, साहेब. सगळे कोर लागले की इको मोडमध्ये वेळ वाढतो, आणि लाइट जायच्या आत फाइल निघाली पाहिजे. पैसे मोजून घेतलेली ताकद अर्धवट वापरायची तर मग लहानच प्रोसेसर घ्यायचा होता.

नांदेड गोदाकाठ

मग रेंडरला पूर्ण, एरवी इको. बटण दाबायला काय जातंय?

लातूरचा मास्तर

रेकॉर्डिंगला मी आता इको लावून बघणार आहे. लेक्चर रेकॉर्ड करताना प्रोसेसरला काम तरी काय असतं? पण दाराच्या कॅबिनेटबद्दल माझं मत तेच आहे.

परभणीचा कापूस

उदबत्ती धरून बघितली. मागच्या पट्ट्यांतून धूर सरळ आत गेला. मागे आणि वर मिळून तीन पंखे बाहेर फेकायलेत, पुढं एकच आहे. वरचा एक काढून पुढं लावतो. दार मात्र काढणार नाही. आमच्या ग्राफिक कार्डाची कॉइल एकदा तुमच्या माइकवर ऐका, मग बोला.