'चाकरमान्यांनो, परत या' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

दिवा_सावंतवाडी:
काल इथे एकाने लिहिलं, 'कोकणातली घरं बंद पडली ती चाकरमान्यांच्या हव्यासापायी. मुंबईची खुराडी सोडा, माती वाट बघतेय.' खाली बदामांची ही रांग! रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहितोय.

हव्यास कसला? आजोबा बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले ते घरातलं भात शिमग्यापर्यंतही पुरत नव्हतं म्हणून. लालबागला एका खोलीत पंधरा जण, झोपायचं ते गिरणीच्या पाळीप्रमाणे. खानावळीचे पैसे देऊन उरेल ती मनिऑर्डर. रत्नागिरी जिल्ह्यात 1991 साली हजार पुरुषांमागे 1205 बायका होत्या, त्या काय मुली जास्त जन्मल्या म्हणून? पुरुष इकडे मुंबईत होते.

आणि 'परत या' म्हणता, तर आलो होतो ना! 1982 च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, त्यात बाबा एक. बिऱ्हाड उचलून गावी गेले. दीड वर्षाने बैलजोडी विकून त्या पैशात पुन्हा मुंबई गाठली. पुढे परळची खोली गेली आणि आम्ही ठाणे जिल्ह्यातल्या दिव्याला आलो. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली हे सगळे सांगतात. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हाही 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आला, ते कोणी सांगत नाही. ठाणे जिल्हा मात्र 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर. आम्हाला गावाने ढकललं, मग परळनेही ढकललं. आता कुठे परत येऊ?

काजूगर:
लिहिलंस झकास. पण तुका काय म्हायत गावातला? आठ दिवस येतंस, मोदक खातंस नि जातंस. बागेत राखणीला नेपाळी गडी आहेत, गावचा माणूस मिळत नाही. माकडांनी भुईमूग, केळी, पडवळ, काही ठेवलं नाही. तुमची बंद घरं आणि रान माजलेले मळे हे त्यांचं माहेर आहे.

आणि खरं दुखणं सांगू? सातबारा. आमच्या चौदा गुंठ्यांवर 34 नावं. त्यातली अकरा मेलेली. विहिरीसाठी अनुदान मागितलं तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणा म्हणाले. एक चुलता नालासोपाऱ्याला, फोन उचलत नाही. दुसरा म्हणतो, 'आधी आमचा हिस्सा दाखव.' राहायचं नाही, कसायचं नाही, सोडायचंही नाही!

घाटावरचा:
कोकणी माणसानं भावकीचं भांडण मिटवलं तर कोर्ट बंद पडंल. आमच्या खानापूर-आटपाडीकडं बघा. पाऊस नाही, पाणी नाही, माणसं गलाईच्या, म्हंजी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार कोलकात्यापर्यंत गेली. पण गावाला विसरली नाहीत. बंगले बांधले, देवळं बांधली, यात्रेला गाडीभर माणसं येतात.

दिवा_सावंतवाडी:
बंगले बांधले, बरोबर. राहतं कोण त्यात? म्हातारी आणि कुत्रा. आमच्याकडे तेच, फक्त बंगल्याऐवजी कौलं.

घाटावरचा:
म्हातारी असली तरी दिवा लागतोय. तुमच्याकडं वाळवी लागती.

परळची_पोर:
दोघांनी जरा थांबा. 'माती वाट बघतेय' म्हणे! त्या 1205 बायका काय करत होत्या? लावणी, कापणी, शेण, लाकूडफाटा, सासू-सासरे. माझ्या आजीने तीस वर्षं शेती केली आणि सातबाऱ्यावर तिचं नाव आलं ते आजोबा गेल्यावर, 'वारस' म्हणून.

काजूगर, तुमच्या 34 नावांत आत्या-बहिणी किती हो? आमच्याकडे आत्याला 'चहाला ये' म्हणून तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. बदल्यात एक साडी. 2005 चा कायदा मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देतो. जमिनीचं अडलं की बहिणीची सही घ्यायची, हे गणित थांबवा.

काजूगर:
मी कुठे काय म्हटलं? माझ्या बहिणीचं नाव आहे सातबाऱ्यावर. विषय काय चाललाय!

परळची_पोर:
विषय हाच. नाव आहे, पण काजू विकल्यावर तिला पैसे दिलेत कधी?

काजूगर:
फवारणी, खत, राखण कोण करतं? तिचा नवरा येतो का काठी घेऊन माकडांमागे?

दिवा_सावंतवाडी:
म्हणजे कसणाऱ्याचं खरं. हेच कूळ म्हणालं तेव्हा जमीनमालक खोतांना झोंबलं होतं.

काजूगर:
मला खोत म्हणतोस? इथे राहून बघ एक पावसाळा. तीन-तीन दिवस लाईट नसते. आजारी माणसाला घेऊन निघालं की आधी महामार्ग आडवा येतो, 2011 पासून चौपदरीकरण चालूच आहे. तुमची कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण सुरू झाली, तिने काय दिलं? पोरं बॅग भरून अजून लवकर पळाली.

घाटावरचा:
ह्ये मात्र खरं. आमच्याकडं रस्ता झाला तशी पोरं पुण्याला पळाली.

दिवा_सावंतवाडी:
बरं, खोत म्हणालो ते मागे घेतो. पण संमतीपत्राचं माझ्यावर ढकलू नकोस. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज का करत नाहीस?

काजूगर:
शहाण्या, त्याला सगळ्यांची सहमती लागते. एक अडला की दिवाणी कोर्ट. माझ्या बापाने दावा लावलेला, तारखा आता माझ्या नावावर पडतात. वारस तपासाला प्रत्येक मेलेल्याचा दाखला पाहिजे. एक जण गिरणीत असताना कुठल्या चाळीत वारला, कोणाला ठाऊक नाही.

परळची_पोर:
गिरणीचं नाव माहीत असेल तर कळवा. आमच्या चाळीत दोन म्हातारे आहेत, त्यांना गिरणीतल्या अख्ख्या खात्यातली माणसं तोंडपाठ आहेत. बहिणीच्या पैशांचं मात्र मी विसरले नाहीये.

काजूगर:
विचारून सांगतो. ताई, यंदा तिला काजूची एक गोण पाठवतो, झालं समाधान?

परळची_पोर:
गोण नको. हिशेब पाठवा.

दिवा_सावंतवाडी:
मूळ पोस्टवाले साहेब कुठे गेले? त्यांच्या नावापुढे राहायचं ठिकाण लिहिलंय, कोथरूड, पुणे.

घाटावरचा:
आरारारा.

काजूगर:
दिवेकर, गणपतीत येशील तेव्हा जमिनीच्या जुन्या फेरफारांचे कागद घेऊन ये, असतील ते. आणि घराची चावी कोणाकडे तरी ठेवत जा रे. मागच्या पावसात तुमच्या पडवीचा वासा पडलाय, रस्त्यावरून दिसतोय.