'रॅम्पंट'चा अर्थ पाठ आहे, तरी वाक्यात घातला की चुकतो

वहीतलाशब्द
मंडळी एक शंका आहे, जरा नीट समजावून सांगा. मी रोज पाच नवीन इंग्लिश शब्द वहीत लिहितो, डावीकडे शब्द उजवीकडे मराठी अर्थ आणि खाली स्वतः बनवलेलं एक वाक्य. परवा 'रॅम्पंट' हा शब्द होता. वहीत अर्थ लिहिला होता 'सर्वत्र पसरलेला, फोफावलेला', म्हणून मी वाक्य केलं, 'ऑनलाइन लर्निंग इज रॅम्पंट अमंग स्टुडंट्स'. मॅडमनी रॅम्पंटला लाल गोल केला आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली. दुसरं वाक्य होतं 'शी हॅज अ रॅम्पंट स्माइल', चेहराभर पसरलेलं हसू असं म्हणायचं होतं, त्यावर तर दोन प्रश्नचिन्हं 😅
आता मला कळत नाहीये की चूक कुठे आहे. शब्द विशेषण आहे, मी विशेषणाच्याच जागी वापरलाय, स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. मग?

आडवीवेलांटी
व्याकरणात तुझं काही चुकलेलं नाही, घोळ वहीच्या उजव्या बाजूला आहे. 'फोफावलेला' लिहिलंस तिथेच गाडी घसरली. तिथे 'बोकाळलेला' लिही आणि आता तुझी वाक्यं मराठीत वाच. 'विद्यार्थ्यांमध्ये ऑनलाइन शिक्षण बोकाळलंय.' कसं वाटतं? म्हणजे बोलणाऱ्याला ते शिक्षण बघवत नाही, डोक्यात जातंय त्याच्या. भ्रष्टाचार बोकाळतो, गुंडगिरी बोकाळते, वाचनाची आवड कधी बोकाळत नाही. रॅम्पंटचं अगदी तस्संच आहे. नुसतं 'खूप पसरलंय' एवढं तो सांगत नाही, 'वाईट गोष्ट पसरलीये आणि कुणाच्या हातात राहिलेली नाही' असं सांगतो.
आणि माजलेलं हसू... बाईंनी दोनच प्रश्नचिन्हं काढली, मी असते तर पानभर काढली असती 😂
त्यामुळे रॅम्पंटच्या शेजारी कोण बसतं ते आधी बघ. करप्शन, क्राइम, इन्फ्लेशन, स्पेक्युलेशन, ड्रग अब्यूज असली मंडळी असतात. तुझ्या वाक्याला 'वाइडस्प्रेड' चालेल, किंवा सरळ 'पॉप्युलर' लिही, त्यात कमीपणा काही नाही.

तिसराबाक
एवढंही सरसकट नाही हां. इंग्लिश पेपरातली खेळाच्या पानावरची बातमी वाचा, जिंकत सुटलेल्या टीमला बिनधास्त रॅम्पंट म्हणतात, आणि ते कौतुकच असतं. झाडाझुडपांबद्दलही रॅम्पंट ग्रोथ म्हणतात, त्यात वाईट काय आहे?

जुनाखोडरबर
तिसराबाक, मुद्दा बरोबर आहे पण दोन्ही उदाहरणं नीट बघितली तर वेलांटीताईंचंच म्हणणं पक्कं होतं. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे 'रांपे' म्हणजे सरपटत चढणं, वेलीसारखं, आपण चढउताराला रॅम्प म्हणतो तोही त्याच घरातला. स्कॉटलंडच्या राजध्वजावर पिवळ्यावर लाल सिंह आहे ना, मागच्या पायावर उभा, पंजे पुढे, नख्या बाहेर, त्याला 'लायन रॅम्पंट' म्हणतात. म्हणजे अंगावर येणारा, आवरता न येणारा. खेळातली टीम रॅम्पंट म्हणजे समोरच्याला आवरत नाहीये, कौतुक खरं पण ते हरणाऱ्याची धुलाई बघून केलेलं कौतुक आहे. आणि झाडांचं म्हणाल तर मराठीत आपण 'रान माजलं', 'तण माजलं' म्हणतो की नाही? पीक माजलं कोण म्हणतं? वाढ तीच, पण नको तिथली, नको तेवढी.
शेजारच्या शब्दांमुळे एखाद्या शब्दाला असा बरा-वाईट रंग चढतो, ह्या प्रकाराला भाषाशास्त्रात 'सिमँटिक प्रॉसडी' म्हणतात, नाव सोडून द्या, गंमत बघा. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर नावाचे प्राध्यापक होते, त्यांच्या टीमने कॉम्प्युटरवर खऱ्या इंग्लिश मजकुराचा प्रचंड साठा जमवून १९८७ साली कोबिल्ड डिक्शनरी काढली. त्यांच्या लक्षात आलं की 'सेट इन' (सुरू होऊन ठाण मांडणं) हे साधं दिसणारं क्रियापद बहुतेक वेळा नकोशा गोष्टींनाच लागतं, म्हणजे रॉट सेट्स इन, डिके सेट्स इन, डिस्पेअर सेट्स इन. इंग्लिश ज्यांची मातृभाषा त्यांनासुद्धा विचारलं तर हे चटकन सांगता येत नाही, वापरताना मात्र चुकत नाहीत. आपलं बोकाळण्याबाबत तेच आहे, आपल्याला कुणी हा नियम कधी शिकवला होता?
त्या डिक्शनरीत नुसता प्रतिशब्द देत नाहीत, आख्खं वाक्य करून अर्थ सांगतात. रॅम्पंटच्या वाक्यात 'एखादी वाईट गोष्ट' असं सुरुवातीलाच येतं. वहीत तेवढा तुकडा उतरवला असता तर लाल गोल वाचला असता.

तिसराबाक
बरं बाबा मान्य. तण माजलं पटलं 🙏

आडवीवेलांटी
खोडरबरकाका भारी. माझी एक भर, जागेबद्दल. हा शब्द नामाच्या आधी येतो, 'रॅम्पंट इन्फ्लेशन', किंवा इज-वॉज नंतर येतो, 'करप्शन वॉज रॅम्पंट', आणि तिसरी जोडी म्हणजे 'रन रॅम्पंट', ती तर तयारच पाठ करायची. त्याला क्रियापद करून 'इज रॅम्पंटिंग' वगैरे करू नये, मी पाहिलंय लोकांनी केलेलं. आणि रॅम्पार्ट वेगळा बरं का, तो किल्ल्याचा तट, त्याचं ह्याच्याशी नातं नाही.

वहीतलाशब्द
अरे देवा, म्हणजे मी मॅडमना लिहून दिलं की ऑनलाइन शिक्षणाचा मला तिटकारा आहे, आणि त्याच शिकवतात ऑनलाइन 🤦 आता उजवीकडचं खोडून 'बोकाळलेला, माजलेला' लिहिलंय. नवीन तीन वाक्यं केलीत, बघता का?
'रूमर्स वेअर रॅम्पंट आफ्टर द मीटिंग.'
'कॉपीइंग रॅन रॅम्पंट ड्युरिंग द एक्झाम.'
'माय कोल्ड इज रॅम्पंट सिन्स मंडे.'

जुनाखोडरबर
पहिली दोन एकदम खणखणीत. तिसऱ्यात सर्दी वाईट हे बरोबर पकडलंत पण ती एकट्या तुमच्या नाकात आहे, ती बोकाळणार कुठे? आख्ख्या हॉस्टेलला लागली तर 'फ्लू वॉज रॅम्पंट इन द हॉस्टेल' म्हणा. तुमच्यापुरती असेल तर 'आय हॅव अ बॅड कोल्ड', बास. आणि सिन्स मंडे आलं की मागे इज चालत नाही, 'हॅज बीन' लागतं, पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.

आडवीवेलांटी
वहीत पुढचा शब्द कुठला आहे? 'नोटोरियस' म्हणजे कुप्रसिद्ध, तो असेल तर वाक्य करायच्या आधी इथे विचार 😄

वहीतलाशब्द
... नोटोरियसच आहे. आणि वाक्य आजोबांवर केलंय. खोडतो.