पहिलं घर धरून बसलेल्यासमोर सोंगट्या काढताना: आधी सुरक्षितता की आधी गॅमन (दुप्पट गुणांची जीत)?

जोडघर
बॅकगॅमनमधली स्थिती अशी (घर म्हणजे पटावरचा एकेक रकाना; शेवटच्या सहा घरांतून सोंगट्या पटाबाहेर काढायच्या). समोरच्याच्या दोन सोंगट्या माझ्या पहिल्या घरात ठाण मांडून बसल्या आहेत. माझ्या १२ उरल्यात. पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या घरात दोन-दोन, बाकीच्या सहा सहाव्यात आणि दुसऱ्यात.

सहाव्यात दोन आणि दुसऱ्यात चार असतील, तर सोंगटी घरात एकटी, म्हणजे उघडी पाडणारी दानं दोनच: सहा-पाच आणि पाच-चार. प्रत्येक दान दोन फाशांवर दोन प्रकारे पडतं, म्हणजे ३६ पैकी ४. सहाव्यात तीन आणि दुसऱ्यात तीन असतील, तर हाच आकडा १४! एक सोंगटी इकडची तिकडे, बाकी काही नाही.

म्हणून माझं ठाम मत: मागची दोन घरं (इथे सहावं आणि पाचवं) समसंख्येत ठेवा, मागून रिकामं करत या. दान आतल्या आत खेळून जोड्या टिकत असतील तर सोंगटी बाहेर काढण्याचा मोह टाळा. हातातला डाव एका उघड्या सोंगटीपायी गेलेला मला बघवत नाही.

दुहेरीदान
मोजणी बरोबर आहे, पण अर्धवट. उघडी पडणं म्हणजे मार खाणं (पटावरून उचललं जाऊन समोरच्याच्या घरातून पुन्हा सुरुवात करणं) नव्हे. तुमच्या १४ दानांत नीट खेळलं तर एकच सोंगटी उघडी राहते आणि मधली घरं माझ्या जोड्यांनी बंद असल्याने ती ३६ पैकी ११ दानांनीच मरते. उलट 'सुरक्षित' स्थितीतल्या त्या ४ दानांत दोन सोंगट्या एकदम उघड्या पडतात, मारणारी दानं २०. गुणून पाहा: एकीकडे १२ टक्के, दुसरीकडे ६. फरक आहेच, पण १४ ला ४ इतका नाही.

शिवाय समोरच्याच्या बऱ्याच सोंगट्या अजून घराबाहेर (त्याच्या शेवटच्या सहा घरांबाहेर) असतील तर गॅमनचे, म्हणजे त्याची एकही सोंगटी पटाबाहेर निघण्याआधी जिंकण्याचे, दुप्पट गुण समोर दिसत असतात. तुम्ही आतल्या आत खेळलेलं प्रत्येक दान त्याला घरी पोचायला वेळ देतं. त्याच्या घरातल्या सोंगट्या पहिल्या-दुसऱ्या घरात कोंबल्या गेल्या असतील, तर मार बसला तरी मी लगेच आत येतो. तिथे मी धोका पत्करणारच.

जोडघर
६ टक्के म्हणजे धोका निम्मा झाला की! आणि हे फक्त पुढच्या एका दानाचं. सहावं घर मोकळं झाल्यावर पाचव्याची तीच कथा आहे. गॅमनचं मान्य, पण त्याच्या घरात पाच घरं सलग बंद असतील तर मार बसल्यावर गॅमन विसरा, डाव वाचवणंच कठीण.

थांबापाहा
दोघंही आपल्याच सोंगट्या मोजताय. मी आधी त्याच्या मोजतो. त्याला माझ्या पहिल्या घरातली जोडी सोडून दुसऱ्या कुठल्याच सोंगटीने सहा खेळता येत नसेल, तर सहा पडताच त्याला तिथली जोडी फोडावी लागते. असा डाव असेल तर मी सहावं घर मुळीच घाईने सोडत नाही. एक-दोन दानं थांबतो, त्याच्या घरातली बंद घरं आपोआप मोडतात. उलट त्याच्याकडे बाहेर हलवायला भरपूर सोंगट्या असतील आणि घर अजून बांधलेलं नसेल, तर जो धोका घ्यायचा तो आत्ताच. नंतर तोच मार महागात जातो.

दुहेरीदान
हे पटलं. फक्त थांबायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या घरात जादा सोंगट्या हव्यात, नाहीतर थांबायला दानच उरत नाही. जोडघर, तुमच्या तीन-तीनच्या स्थितीत सहा-दोन सुरक्षित ठरतं ते दुसऱ्या घरातल्या त्या एका जादा सोंगटीमुळेच.