रिले टीम: आधी दहा किलोमीटरची खरी वेळ कळवा

क्रीडा समिती

नमस्कार मंडळी,

३२० किलोमीटरच्या रिलेत मंडळाची टीम उतरवायचं ठरलं आहे. बारा धावक, दोन व्हॅन, ३६ टप्पे, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. एकूण मुदत ३६ तास. आतापर्यंत नऊ नावं आली आहेत, पण त्यातल्या चौघांनी सलग दहा किलोमीटर कधी घड्याळ लावून पळून पाहिलेलं नाही. नोंदणीच्या फॉर्मवर प्रत्येकाचा दहा किलोमीटरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, मागितला आहे. चौघांचा अंदाजाने भरला तर चालेल का? आणि टप्पे कसे वाटायचे, चिठ्ठ्या टाकून की मागेल त्याला? ज्यांनी अशी टीम नेली आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

माजी कॅप्टन

अंदाजाने अजिबात भरू नका. तुमची सुरुवातीची वेळ त्या आकड्यावरून ठरते. हळू टीम पहाटे सोडतात, वेगवान टीम दुपारी, म्हणजे शेवटाकडे सगळे साधारण एकाच वेळेत पोचतात. फॉर्मवर सरासरी ५:३० लिहिली आणि प्रत्यक्षात ६:३० ने पळालात, तर किलोमीटरमागे एक मिनिट म्हणजे ३२० किलोमीटरला ३२० मिनिटं, पाच तास वीस मिनिटं उशीर. एवढ्या उशिराने पोचलात तर पुढची एक्स्चेंजेस, म्हणजे धावक बदलायची ठिकाणं, बंद व्हायला लागतात आणि आयोजक तुमची टीम गाडीत घालून काही टप्पे पुढे नेऊन सोडतात. उलट, भीतीपोटी पेस जास्त हळू लिहिला तर एक्स्चेंज उघडायच्या आधीच तुमचा धावक तिथे येऊन उभा राहतो आणि त्याला थांबवून ठेवतात. दोन्हीकडून नुकसानच.

३६ तासांत ३२० किलोमीटर म्हणजे सरासरी ६:४५. ही सरासरी चढ, अंधार, चुकलेली वळणं, सगळं धरून आहे. म्हणून पुढच्या तीन आठवड्यांत बाराही जणांनी सपाट रस्त्यावर घड्याळ लावून दहा किलोमीटर पळावं. मिळालेल्या पेसमध्ये पहिल्या टप्प्याला किलोमीटरमागे १० सेकंद, रात्रीच्या टप्प्याला २० आणि तिसऱ्याला ३० ते ४० सेकंद वाढवा. दर १०० मीटर चढाईला निदान दोन मिनिटं धरा. उतारावर ती सगळी परत मिळत नाहीत.

आता टप्प्यांचं. चिठ्ठ्या नकोत आणि मागेल त्यालाही नको. क्रम ठरला की बदलत नाही, त्यामुळे पाचव्या धावकाला ५, १७ आणि २९ हे टप्पे एकत्रच येतात. एकेक टप्पा न बघता हा तीन टप्प्यांचा संच बघायचा. एकूण अंतर, एकूण चढाई, एकूण उतार, आणि कुठला टप्पा अंधारात येतो, असा बारा ओळींचा तक्ता करा. कुणाच्या संचात २० किलोमीटर येतील, कुणाच्यात ३२. सगळ्यात छोटा संच नवख्याला द्यावा हे सगळ्यांना सुचतं. चूक होते ती उताराच्या संचात. ‘उतार आहे, सोपं आहे’ म्हणून तो कमी तयारीच्या माणसाला जातो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार झेलतो, आणि स्नायूचे धागे याच कामात सर्वात जास्त दुखावतात. दुखणं २४ ते ७२ तासांत चढत जातं. पहिला टप्पा तीव्र उताराचा असेल तर तिसऱ्या टप्प्याला त्याच माणसाला एक्स्चेंजवरचा जिना उतरता येत नाही. तो संच ज्याने आधी उताराचा सराव केला आहे त्यालाच द्या. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एक-दोनदा लांब उतारावर पळालं तरी स्नायू बरेच सावरतात. शेवटच्या दहा दिवसांत मात्र हा सराव करू नये.

सरावाचा मुख्य मुद्दा दिवसातून दोनदा पळण्याचा. शनिवारी सकाळी ८ किलोमीटर, संध्याकाळी ८, रविवारी सकाळी ६. पाय जड असताना पुन्हा सुरू करायची सवय त्यातूनच लागते. एकदाच २० किलोमीटर पळणाऱ्याला ती लागत नाही.

व्हॅन पाहणारी

दादांनी पेसचं लिहिलंच आहे, मी गाड्यांचा हिशोब मांडते, कारण झोप त्यावर अवलंबून असते.

सरासरी ६:३० धरली तर एक टप्पा साधारण ५८ मिनिटांचा, सहा टप्पे म्हणजे पावणेसहा तास. एक व्हॅन पळत असताना दुसरीला तेवढी सुट्टी. वाटते मोठी, पण मोजा. आवरून निघायला २० मिनिटं, पुढच्या मोठ्या एक्स्चेंजपर्यंत (जिथे एका व्हॅनकडून दुसरीकडे पाळी जाते) जायला आणि गाड्यांच्या रांगेत सव्वा तास, खायला अर्धा तास, आपला धावक उभा राहण्याआधी तयारीला अर्धा तास. उरतात तीन तासांपेक्षा थोडे जास्त. गप्पा, फोटो, भलत्या ठिकाणी पार्किंग शोधणं यात ते सहज जातात. म्हणून जिथे झोपायचं तिथे थेट जा, आडवाटेने कुठे जाऊ नका. स्लीपिंग बॅग, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी वरच्या पिशवीत ठेवा, तळाशी नको.

चालवणारा माणूस धावक नसावा हे माझं ठाम मत. दोन टप्पे पळून, रात्री दोन तास झोपून पहाटे अनोळखी रस्त्यावर सात जणांची गाडी चालवणं म्हणजे शर्यतीतला सर्वात मोठा धोका. धावकांपैकीच कुणी चालवणार असेल तर प्रत्येक व्हॅनमध्ये दोन नावं भाडेकरारात नोंदवा, आणि जो नुकताच पळून आला त्याने पुढचे दोन टप्पे स्टिअरिंगला हात लावू नये. व्हॅन ठरवण्यापूर्वी आयोजकांची लांबीची मर्यादा बघून घ्या. मोठी कॅम्पर गाडी बहुतेक ठिकाणी चालत नाही.

गाडी सुटायचा क्रमही ठरवून ठेवा. स्लॅप बँड (बॅटनऐवजी मनगटावर गुंडाळायची पट्टी) मनगटावरून मनगटावर गेला की आलेल्या धावकाला घेऊन पाच मिनिटांत गाडी निघाली पाहिजे. सर्वात जास्त घोटाळे पाच किलोमीटरच्या छोट्या टप्प्यांवर होतात. धावक २८ मिनिटांत पोचतो आणि गाडी अजून रांगेत असते, मग आपलाच माणूस एक्स्चेंजवर उभा राहून पुढच्याची वाट बघतो. छोट्या टप्प्याच्या आधी पुढच्या धावकाला बूट बांधून, बिब (छातीवरचा नंबर) लावून दाराशी बसवा. गरज पडली तर तो चालत पुढे जाईल.

आलेल्या धावकाने गाडीत बसण्याआधी पाच-दहा मिनिटं चालावं आणि लगेच कोरडे कपडे घालावेत. घामेजलेले कपडे आणि तासभराची बैठक यांनी पाय आखडतात. तीन टप्प्यांचे तीन पूर्ण संच तीन झिपच्या पिशव्यांत, वर टप्प्याचा नंबर लिहून. ओल्या कपड्यांसाठी वेगळी मोठी पिशवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडीत बसवत नाही. बूट दोन जोड.

रात्रीची पाळी सांभाळणारा

ताईंनी ड्रायव्हरबद्दल लिहिलं ते पूर्ण पटतं. रात्रीची यादी देतो. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हेडलॅम्प, पाठीला लुकलुकणारा लाल दिवा. नियमाने ठरलेल्या तासांत हे तिन्ही धावकावर हवेतच, आणि बऱ्याच शर्यतींत गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट लागतं. त्यामुळे जॅकेटं सहा धावकांपुरती नकोत, गाडीतल्या माणसांइतकी हवीत. दिवे एकाच प्रकारच्या सेलवर चालणारे घेतले तर बॅटऱ्या अदलाबदल करता येतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, सुटे सेल खिशात ठेवा.

वळण चुकणं हा दुसरा धोका. धावकाला सूचना साधी द्या: किलोमीटरभर खूण दिसली नाही तर मागे फिरा. पुढे पळत राहणारे पाच-सात किलोमीटर दूर जाऊन अडकतात. फोन असू द्या, पण तो बंद पडेल किंवा रेंज नसेल असं धरून चाला. टप्प्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, वेळापत्रक दोन्ही गाड्यांत कागदावर असू द्या. तक्त्यात ठरलेल्या वेळेच्या शेजारी प्रत्यक्ष वेळ लिहायचा रकाना ठेवा. फरक अर्ध्या तासावर गेला की लगेच दुसऱ्या व्हॅनला कळवा, तिथले लोक झोपलेले असतात आणि त्यांना तो अर्धा तास हवा असतो.

क्रीडा समिती

फार उपयोगी. एक शंका: मधेच कुणाचा पाय मुरगळला तर? आणि राखीव माणसं किती?

माजी कॅप्टन

राखीव निदान दोन. त्यांनाही सराव बाकीच्यांसारखाच, शेवटच्या आठवड्यात कुणीतरी आजारी पडतंच. शर्यत सुरू झाल्यावर बदलीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. साधारणपणे बाहेर पडलेला परत येऊ शकत नाही, आणि त्याचे उरलेले टप्पे कुणी पळायचे हे नियमपुस्तकात ठरवून दिलेलं असतं. ते पान छापून गाडीत ठेवा. दोन्ही व्हॅनमधून एकेका दणकट धावकाला आधीच विचारून ठेवा, ‘वेळ आली तर चौथा टप्पा घेशील का?’ रात्री तीन वाजता हा प्रश्न विचारायला गेलात तर नीट उत्तर मिळत नाही.

आयोजक टीमकडून स्वयंसेवक मागतात, तो आकडा नोंदणीच्या अटींत दिलेला असतो. ही माणसं धावकांबरोबरच शोधायला घ्या, कारण ज्याला पळायचं नाही असा माणूस शोधणं जास्त कठीण जातं. बाराही जणांनी घड्याळाची वेळ पाठवली की संचांचा तक्ता मी यादीवर टाकतो.