देवगडहून आई विनिपेगला चाललीय, ऐन जानेवारीत – थंडीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं बाळंतपण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ती विनिपेगला असते, कॅनडाच्या अगदी मधोमध. आई १२ डिसेंबरला निघतेय, मार्चअखेर परत येईल. वय ६७, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात. देवगड सोडून सलग महिनाभर ती कधी कुठे राहिलेली नाही. मला सोबत जाता येत नाही, कारण तेच दिवस मोहोराचे आणि एक फवारणी चुकली तरी हंगाम हातचा जातो. बहीण म्हणते, "दादा, घरात चोवीस तास हीटिंग असतं, तू उगाच घाबरतोस." असेलही. पण ती गेली तेव्हा पंचविशीत होती. म्हणून इथे विचारतोय. कोकणातून किंवा गोव्याकडून आईवडिलांना अशा थंडीत नेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आमच्याकडची थंडी कशी, ते आधी सांगतो, म्हणजे माझी काळजी कळेल. थंडी पडली हे आम्हाला खोबरेलाची बाटली सांगते. पारा चोवीस-पंचविसाच्या खाली गेला की तेल थिजायला लागतं. आई पहाटे ती बाटली चुलीशेजारी ठेवते आणि अर्ध्या तासाने डोक्याला लावते. कडक थंडी म्हणजे पहाटेचे सतरा-अठरा अंश, दुपारी पुन्हा तीस-एकतीस. रात्रभर मतलई वारा असतो तेवढाच गारठा, दुपारी खारा वारा सुरू झाला की तोही जातो. एवढ्यात तिची थंडी संपते. अंगावर सुती पातळ, खांद्यावर जुनी शाल, पाय अनवाणी.

विनिपेगला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे वीसच्या आसपास असतं, आणि उणे तीसचे दिवसही दर वर्षी येतात. उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे शाळेत गणितापुरतं ऐकलं होतं. तिथले लोक ते अंगावर घेतात. जुलैत तिथेच पंचवीस-सव्वीसपर्यंत ऊन तापतं. भूगोलात सम आणि विषम हवामान पाठ केलं होतं ना, ते हेच. लंडन विनिपेगपेक्षाही उत्तरेला आहे, पण समुद्र जवळ असल्याने तिथे इतकी थंडी पडत नाही. आमच्याकडे मे आणि जानेवारी यांच्या सरासरीत जेमतेम चार-पाच अंशांचा फरक. समुद्र आपल्याला किती सांभाळून घेतो, हे आई निघायच्या वेळी माझ्या लक्षात येतंय.

बहिणीने गोठलेल्या रेड नदीवर चालतानाचा व्हिडिओ पाठवला होता. आईने तो तीनदा बघितला आणि विचारलं, "आणि मासे खंय गेले?" बर्फ वरच असतो, खाली पाणी वाहतं आणि मासे त्यातच असतात, लोक भोक पाडून गळ टाकतात, हे सांगितल्यावर तिला जरा धीर आला. माणसं मासे धरून खातात म्हणजे जागा राहण्याजोगी आहे, असं तिने धरलंय.

माझ्या भीतीला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही जानेवारीत दिल्लीमार्गे हरिद्वारला गेलो होतो. दिल्लीत पहाटे चार अंश होते. भिंती गार, लादी गार, गादी ओली वाटावी इतकी गार. आई काकडली म्हणून लॉजवाल्याने कोळशाची शेगडी आणून दिली आणि आम्ही दार-खिडक्या लावून झोपलो. रात्री दोनला माझं डोकं ठणकायला लागलं म्हणून जाग आली. आईला उठवलं तर ती नीट बोलेना, उलट्या झाल्या. दार उघडून तिला बाहेर थंडीत बसवलं तेव्हा अर्ध्या तासाने ताळ्यावर आली. कोळशाचा धूर दिसत नाही, वासही येत नाही, पण बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणूस झोपेतच जातो, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा कुणी उत्तरेकडे जात असाल तर बंद खोलीत शेगडी अजिबात नको. आईचा प्रश्न मात्र आजही तोच आहे, "थंय चूल आसा काय?"

आता खरी अडचण. कपड्यांचं बरंचसं वाचून समजलं. अंगाला लागून सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि मग गार पडतो. आत थर्मल, मध्ये लोकर, वरून वारा अडवणारं जॅकेट. हातमोजे बोटं वेगळी असणारे नकोत, चारही बोटं एकत्र राहणारे हवेत. आईने ड्रेस घालायचं कबूल केलंय, पण घरात पातळच नेसणार. तेही ठीक.

पायांचं मात्र काही सुचत नाही. आई आयुष्यभर खळ्यात, बागेत, कातळावर अनवाणी चाललीय. पंजा पसरलेला, अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात चांगलं अंतर. टाचांना भेगा. थंडीत ती कोकमाच्या मुठेलाचा गोळा निखाऱ्याजवळ धरते, कडेने तेल पाझरायला लागलं की तो भेगांवरून हळूहळू फिरवते, मग पाय चुलीकडे करून बसते. बंद बूट तिने कधी घातलेले नाहीत. गेल्या रविवारी कणकवलीला नेलं. रुंदीला बसणारा बूट घेतला तर तो लांबीला दोन नंबर मोठा, आणि चालताना टाच वर-खाली होते. लांबीला बरोबर घेतला तर बोटं आवळतात. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात म्हणे, आणि सैल बुटाने बर्फावर घसरायची भीती. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय, हा विचार मला झोपू देत नाही.

दुसरं, दिवस. डिसेंबर-जानेवारीत विनिपेगला सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि साडेचार-पाचला मावळतो. आई पाचला उठते. देवपूजा, चहा सगळं होऊन तीन तास बाहेर काळोखच. बहिणीने दक्षिणेच्या खिडकीत तुळस जगवलीय, तेवढाच आधार. बाळ येईपर्यंतचे तीन-चार आठवडे, जावई कामावर आणि बहीण अवघडलेली, तेव्हा हिने काय करायचं? खळ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं हाच तिचा दिवस असतो. तुमच्या आईवडिलांनी हे दिवस कसे काढले?

भर, रात्री साडेदहा: इतक्या जणांनी इतक्या मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवले प्रतिसाद.

जॅकेट इथून न घेता तिथेच घ्यायचं ठरलं. विमानात हातातल्या पिशवीत स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे ठेवेन आणि जावई विमानतळावर जॅकेट घेऊन येतील. एडमंटनच्या ताईंनी लिहिलेलं मला माहीतच नव्हतं, की घरातली गरम हवा बाहेरच्या थंडीपेक्षा जास्त त्रास देते. फार कोरडी, नाकातून रक्त येतं, कातडी फाटते, नायलॉनची साडी असेल तर दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. आमच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला हे सुचणारच नाही. खोलीत ह्युमिडिफायर लावायला बहिणीला कळवलंय, मुठेलाचे चार गोळे सामानात बांधतोय आणि साड्या सगळ्या सुती देतोय.

नर्स असलेल्या ताईंचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून आईच्या पासपोर्टला लावलाय. थंडीत रक्तवाहिन्या आकसून बीपी वाढू शकतं, म्हणून पहिले दोन आठवडे रोज मोजायचं. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली असेल तर उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते, तेव्हा त्या दिवशी बाहेर नाहीच. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळायचं नाही, शेकायचंही नाही, कोमट पाण्यात धरायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आईचा हात पहिल्यांदा शेकोटीकडेच जाईल, म्हणून हे तिला रोज एकदा म्हणायला लावतोय.

मॉलमध्ये आणि इमारतींना जोडणाऱ्या बंद पुलांवरून चालायची कल्पना तिला पसंत पडली. रोज तिथल्या सकाळी, म्हणजे इथल्या रात्री, शेजारच्या काकी व्हिडिओ कॉल करणार आहेत, तेही ठरलं.

बुटांच्या तळाला अडकवायचे खिळेवाले रबरी पट्टे दोघांनी सुचवलेत, पण मुळात बूट कुठला, ते राहिलंच. रुंद पंजाच्या, कधीच बूट न घातलेल्या बायकांसाठी तिथे रुंदीप्रमाणे बूट मिळतात का? आत दोन मोजे मावतील असा नंबर धरायचा का? की इथूनच चांभाराकडून मापाने आतला लोकरीचा जोडा करून द्यावा? आजपासून आई रोज संध्याकाळी माझे जुने कॅनव्हासचे बूट घालून खळ्यात दहा फेऱ्या मारतेय, भिंतीला हात लावून. बाकी सगळं मागाहून लिहिलंत तरी चालेल, बुटांचं आधी सांगा. कोल्हापूरला जाऊन यायला माझ्याकडे हा एकच रविवार आहे.